अजिंठ्याच्या डोंगराचे पाहुणे आणि त्यांचे ऋतू

अजिंठ्याची डोंगररांग म्हणजे तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमधला बांध. सातमाळा–अजिंठा या नावाने ही रांग नाशिककडून पूर्वेला बुलढाण्यापर्यंत जाते. खानदेशातून पाहिली तर ती उभी भिंत आहे. मराठवाड्यातून तिच्याकडे गेले तर सपाट माळ चालता चालता एकदम पायाखाली दरी येते. उत्तरेच्या कड्यावरून उतरणारे वाघूरसारखे प्रवाह तापीला मिळतात, तर दक्षिणेच्या उतारावरची पूर्णा, खेळणा, जुई यांचे पाणी गोदावरीकडे जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड, सिल्लोड आणि सोयगाव हे तालुके याच रांगेच्या अंगाखांद्यावर वसले आहेत.

डोंगर काळ्या बेसाल्टचा, ज्वालामुखीच्या थरांवर थर बसून झालेला. त्यावर माती थोडी आणि जंगल पानगळीचे: साग, सालई, धावडा, पळस, तेंदू, अंजन. त्यामुळे येथे ऋतू बदलला की डोंगराचे रूपच बदलते. जून ते सप्टेंबर या काळात कड्याकड्यावरून पाणी कोसळते, पाऊस सरताच तेरडा आणि कळलावी फुलते. पावसाळा आणि थंडी यांच्या सांध्यावर ऑक्टोबरचे ऊन तापते, मग काही महिने आल्हाददायक थंडी पडते. माघ-फाल्गुनात पळस पेटतो आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सारे रान उघडे पडते. या डोंगरावर दोन हजार वर्षे बाहेरची माणसे येत राहिली. मात्र ती कोणत्या ऋतूत आली, हे त्यांच्या येण्याच्या कारणावर ठरले. भिक्षू पावसाळ्यासाठी आले, शिकारी उन्हाळ्यात आणि चित्रकार हिवाळ्यात. आजचा भटक्या पुन्हा पावसाकडे वळला आहे.

पावसाचा मुक्काम

बौद्ध भिक्षूने वर्षभर फिरत राहावे, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, असा संघाचा नियम होता. वाटा चिखलाने बंद होतात, उगवते पीक आणि ओल्या जमिनीतले जीवजंतू पायाखाली येतात, ही त्यामागची कारणे. आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होणाऱ्या या मुक्कामाला वस्सावास म्हणत. सह्याद्रीत आणि त्याच्या फाट्यांवर कोरलेल्या विहारांची मूळ गरज या पावसाळी निवाऱ्याची होती.

वाघूर नदी जिथे नालेच्या आकाराचे वळण घेते, तिथल्या सुमारे ७६ मीटर उंच कड्याच्या पोटात अजिंठ्याची लेणी आहेत. लहानमोठी धरून त्यांची संख्या ३०. वळणाच्या टोकाला पाणी एकाखाली एक अशा कुंडांतून उतरते, म्हणून त्या धबधब्याला सातकुंड म्हणतात. पहिला टप्पा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतला. ९ आणि १० क्रमांकांचे चैत्य आणि १२, १३, १५-अ हे विहार त्या काळचे. आज सर्व लेणी एका पायवाटेने जोडलेली दिसतात, पण ती सोय अलीकडची. मुळात प्रत्येक लेण्यातून थेट नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या उतरत होत्या.

बारावे लेणे जवळून पाहिले की या मुक्कामाची कल्पना येते. मधल्या चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना १२ खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत समोरासमोर दोन दगडी ओटे, आणि ओट्याच्या एका टोकाला उशीसारखा उंचवटा. दगड कोरतानाच तो ठेवून दिलेला. दाराच्या चौकटीत लाकडी कवाडाच्या खुंट्यांची भोके आहेत. कवाडे गेली, उशा राहिल्या. बाहेर धो धो पाऊस, खाली फुगलेली नदी आणि आत एका खोलीत दोन माणसे, असे ते तीन महिने जात असावेत.

भिक्षू अरण्यात राहिले तरी वस्तीपासून तुटले नव्हते. भिक्षेसाठी गाव लागते आणि लेणे कोरायला दाता. प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण. तिथून माहिष्मती आणि उज्जैनकडे जाणारा प्राचीन मार्ग या रांगेतून जात होता; सुत्तनिपातात बावरी ब्राह्मणाचे शिष्य ज्या वाटेने उत्तरेला गेले, तिच्यात ही नावे येतात. पाऊस संपला की व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढू लागत. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात घनामदड नावाच्या वाण्याच्या दानाची नोंद आहे. याच रांगेत पश्चिमेला, कन्नडच्या बाजूला, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबांवर पैठणच्या मितदेव या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, नाव कोरले आहे. तिथे सापडलेली यक्षमूर्ती कण्हदास या सोनाराने घडवल्याचे मूर्तीवरच लिहिले आहे. म्हणजे डोंगराचे दोन हंगाम तेव्हाच ठरले होते: ओला हंगाम राहणाऱ्यांचा, कोरडा हंगाम जाणाऱ्या-येणाऱ्यांचा.

दुसरा टप्पा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचा. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे करवले. सोयगाव तालुक्यातल्या जंजाळा गावाजवळच्या घटोत्कच लेण्यातही त्याच्या घराण्याचा लेख आहे. सव्विसावे लेणे बुद्धभद्र या भिक्षूचे. हरिषेणानंतर राजाश्रय आटला आणि काम थांबले. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्सांगने दरीतल्या एका भव्य विहाराचे जे वर्णन लिहून ठेवले, ते बहुतेक अभ्यासक अजिंठ्याचे मानतात. राष्ट्रकूट काळातला एक शिलालेखही येथे आहे. त्यानंतर मात्र दरी झाडीच्या हवाली झाली.

घाट, गड आणि सराया

लेणी विसरली गेली, तरी डोंगर ओस पडला नाही. चाळीसगावच्या बाजूला, रांगेच्या पायथ्याशी पाटणे येथे यादवकाळात विद्येचे केंद्र होते. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केला. त्यासाठी मिळालेल्या दानाचा इ.स. १२०७ चा शिलालेख पाटण्याला आहे. पाटणादेवीचे ठाणे आजही खानदेश आणि मराठवाडा या दोन्ही बाजूंच्या भाविकांना डोंगरात ओढून आणते.

पुढच्या शतकांत घाट ज्याच्या हाती त्याच्या हाती दख्खनचे दार, असा हिशेब झाला. खानदेशातून देवगिरी-दौलताबादकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर म्हणून गड उभे राहिले: कन्नड तालुक्यात अंतूर, सोयगावच्या बाजूला वेताळवाडी आणि जंजाळा. अंतूरच्या वाटेवर निजामशाहीतला एक दगडी स्तंभ आहे, त्यावर कोणत्या दिशेला कोणते गाव लागते ते कोरले आहे. रस्त्यावर लावलेली पाटीच ती, फक्त दगडाची आणि फारसीतली.

मुघलांच्या काळात बुऱ्हाणपूर ते औरंगाबाद ही वाट राजरस्ता झाली. घाटाच्या पायथ्याशी फर्दापूर आणि माथ्यावर अजिंठा, या दोन्ही गावांत प्रवाशांसाठी सराया बांधल्या गेल्या. घाट चढण्यापूर्वी एक रात्र, चढून गेल्यावर एक रात्र, असा त्यामागचा साधा विचार. अठराव्या शतकात पहिल्या निजामाने अजिंठा गावाला तटबंदी केली. या गावाचेच नाव पुढे दहा-बारा किलोमीटरवरच्या लेण्यांना चिकटले.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी खेळणा आणि जुई यांच्या संगमाजवळ असई येथे आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. लढाईतल्या जखमी इंग्रज सैनिकांना अजिंठ्याच्या तटाआड हलवून तिथे इस्पितळ उभारण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला. तहाच्या कागदावर डोंगर हीच सीमा झाली. १८१८ नंतर खाली खानदेश इंग्रजांचा आणि वर औरंगाबाद निजामाचे, अशी विभागणी पक्की झाली आणि ती १९४८ पर्यंत टिकली.

उन्हाळ्यातली शिकार

या सीमेवरचे रान वाघ-बिबट्यांनी भरलेले होते आणि शिकारीचा खरा हंगाम उन्हाळा. झाडे निष्पर्ण होतात, गवत वाळते, पाणवठे आटून एखादे-दुसरे कुंड उरते, म्हणून जनावर कुठे येणार ते नेमके कळते. मद्रास सैन्याच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी अशाच दिवसांत वाघूरच्या दरीत शिकारीला आला. समोरच्या कड्यावरून त्याला झाडीआड दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगितले जाते. पावसाळ्यात आला असता तर हिरवाईत ती लपली असती. लेण्यातल्या एका खांबावर त्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. ती अक्षरे आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात, कारण तो उभा होता तो शतकांच्या गाळाच्या आणि दगडमातीच्या ढिगावर. ढीग उपसला गेला आणि सही वर राहिली. बोधिसत्त्वाच्या चित्रावरच ती कोरलेली असल्याने शोधाच्या पहिल्याच दिवसाची ती इजाही आहे.

तेव्हा हिंदुस्थानात इंग्रजांना उन्हाळ्यासाठी थंड जागांची निकड होती. महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा ही त्यातूनच वसली. वऱ्हाडातले चिखलदरा १८२३ मध्ये हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडले. अजिंठ्याचा डोंगर या यादीत आला नाही. चिखलदऱ्याची उंची हजार मीटरच्या वर आहे, अजिंठ्याचे पठार त्यापेक्षा बरेच खाली. मे महिन्यात येथे गारवा नाही आणि पाणीही नाही. शिवाय डोंगरमाथा निजामाच्या राज्यात. त्यामुळे बंगले, क्लब, बाजार आणि मॉल रोड असे काही येथे उगवले नाही. जंगल आणि गावे जवळपास होती तशी राहिली.

चित्रकारांचा हिवाळा

लेण्यांची माहिती जेम्स फर्ग्युसन या वास्तुअभ्यासकाने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडली. त्यानंतर मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. तो अजिंठा गावात राहिला आणि आयुष्याची उरलेली वर्षे याच मुलखात काढली. अंधाऱ्या दालनांत, कड्यावरच्या आग्या मोहोळांच्या शेजारी, तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात काम करी. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. शिकारी म्हणूनही त्याची ख्याती होती. १८६६ मध्ये लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्याची तिथे मांडलेली बहुतेक चित्रे जळाली. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे.

अजिंठा गावात आणखी एक कबर आहे, २३ मे १८५६ ही तारीख असलेली पारोची. गिल आणि पारो यांची कहाणी या पंचक्रोशीने तोंडी जपली. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे शेतकरी-कवी ना. धों. महानोर यांनी तिच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ मध्ये नितीन देसाई यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला.

गिल वर्षभर राहिला. त्याच्या मागून आलेल्यांनी हंगाम निवडला. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन येथे मुक्काम करत आणि भिंतीवरची चित्रे उतरवत. या नकलांनाही आगीने गाठले: १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये त्यातल्या अनेक नष्ट झाल्या. १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिवाळ्यांत लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम फर्दापूरजवळ तंबू ठोकून राहिल्या. त्यांच्यासोबत बंगालचे नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार, म्हैसूरचे वेंकटप्पा, हैदराबादचे सय्यद अहमद असे तरुण चित्रकार होते. सकाळी तंबूतून निघायचे, नदी ओलांडत लेण्यांपर्यंत जायचे, उजेड असेतो काम करायचे आणि जनावरांच्या भीतीने अंधारापूर्वी परतायचे, असा त्यांचा दिनक्रम. पावसात हे जमले नसते, कारण वाटेत नदी अनेकदा आडवी येई. उन्हाळ्यात तंबूत राहणे अशक्य. हिवाळा हाच अजिंठ्याचा हंगाम, ही समजूत या मंडळींच्या मुक्कामांतून रूढ झाली आणि पर्यटनाने ती जशीच्या तशी उचलली.

फर्दापूरचा रस्ता

१९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि १९२० नंतर लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावून चित्रांचे पोपडे बसवण्याचे काम झाले. फर्दापूरहून लेण्यांपर्यंत रस्ता झाला, फर्दापूरला सरकारी विश्रामगृह उभे राहिले. मुंबईहून येणारा प्रवासी जळगाव किंवा पाचोऱ्याला उतरे. पाचोरा–जामनेर या छोट्या रुळांच्या गाडीने पहूरपर्यंत यायचे आणि पुढे बैलगाडीने किंवा टांग्याने फर्दापूर गाठायचे, हाही एक मार्ग होता. औरंगाबादला रेल्वे १९०० मध्ये पोचली, पण तिथून सुमारे शंभर किलोमीटरचा घाटरस्ता उरे. म्हणून अजिंठ्याचे पहिले पर्यटक बहुतेक खानदेशाकडून आले.

स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. गर्दी वाढली, तसा गाड्यांच्या धुराचा आणि धुळीचा प्रश्न उभा राहिला. आता खासगी वाहने सुमारे चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात आणि पुढे बसने जावे लागते. टी-पॉइंटच्या दुकानांत काचेसारखे चमकणारे स्फटिक विकायला असतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली ही खनिजे म्हणजे या डोंगराचीच भेटवस्तू, आणि त्यांच्यावर कितीतरी घरांचे पोट चालते.

थंड हवेच्या जागेची हौस जिल्ह्याने म्हैसमाळवर भागवली. खुलताबादजवळ वेरूळच्या डोंगरावरचे हे पठार सुमारे १०६७ मीटर उंच आहे. गिरिजादेवीचे देऊळ, वाऱ्याने डोलणारे गवत आणि पावसाळ्यात उंबऱ्याशी येणारे ढग एवढीच त्याची संपत्ती, पण तेवढ्यावर लोक त्याला मराठवाड्याचे महाबळेश्वर म्हणतात.

रानाकडे पुन्हा

१९८६ मध्ये रांगेच्या पश्चिमेकडचे सुमारे २६० चौरस किलोमीटर जंगल गौताळा–औट्रमघाट अभयारण्य म्हणून राखीव झाले. नावातला पहिला भाग गौतम ऋषींच्या आख्यायिकेचा. दुसरा जेम्स औट्रमचा, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभारली आणि ज्याचे नाव कन्नडच्या घाटाला पडले. अभयारण्यात बिबटे, नीलगाई, चितळ, कोल्हे आणि पक्ष्यांच्या अनेक जाती आहेत. वाघ मात्र शिकारीच्या काळातच संपत गेला आणि पुढे अनेक दशके दिसला नाही. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक नर वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. १८१९ मध्ये ज्याच्यामागे बंदूक होती, त्याच्यामागे आता कॅमेरा होता.

भटकंती करणाऱ्यांचा आजचा मोठा लोंढा पावसाळ्यात येतो. जून-जुलैत पहिल्या सरी झाल्या की लेणापूरच्या बाजूच्या व्ह्यू पॉइंटवर माणसे जमतात. तिथून वाघूरचे अख्खे वळण, कड्यातली लेण्यांची ओळ आणि सातकुंडाचा धबधबा एका नजरेत येतो. अंतूर, वेताळवाडी, जंजाळा आणि रुद्रेश्वर येथे दुर्गप्रेमींच्या तुकड्या आठवड्याच्या शेवटी दिसतात. शेवाळलेल्या पायऱ्या, धुक्यात हरवणारा तट आणि खाली तांड्यावर मिळणारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांसाठी ते येतात. वाटाड्या बहुधा त्याच तांड्यावरचा किंवा वाडीतला एखादा गुराखी असतो; रानाची वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते.

हा हंगाम मनोहर आहे तितकाच धोक्याचाही. निसरड्या कड्यांवर आणि धबधब्यांच्या कुंडांत अपघात होतात. २०२१ च्या पावसाळ्यात कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. लेण्यांचा मोठा शत्रूही पावसाचे पाणीच आहे: थरांच्या फटींतून ते आत झिरपते, ओल चढते आणि चित्रांखालचा गिलावा सुटतो. ज्या ऋतूसाठी भिक्षूंनी डोंगर पोखरला, तोच ऋतू त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रांना सर्वांत जड जातो.

म्हणून आज अजिंठ्याचे वर्ष साधारण असे वाटले गेले आहे. पावसाळा धबधबे, गड आणि पठारे पाहणाऱ्यांचा. ऑक्टोबरचे ऊन ओसरले की फेब्रुवारीपर्यंत लेणी, शाळांच्या सहली, परदेशी प्रवासी आणि स्थलांतरित पक्षी पाहणारे. फाल्गुनात पळसाच्या फुलांसाठी येणारे थोडे हौशी. उन्हाळ्यात पाहुणा जवळपास नसतो. तेव्हा गौताळ्यात वनखाते पाणवठे भरते, बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात मचाणावर बसून प्राणी मोजले जातात आणि रान पुढच्या पावसाची वाट पाहते.